घरातल्या प्रार्थनेवर आक्षेप आला तर: इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सुदामा नगरात भाड्यानं राहणारं मराठी ख्रिस्ती कुटुंब. दर शुक्रवारी संध्याकाळी घरी पंधरा-वीस माणसं प्रार्थनेला येतात, त्यांत दोन हिंदू कुटुंबंही असतात. काही तरुणांनी दाराशी उभं राहून व्हिडिओ काढला आणि 'इथे धर्मांतर चालतं' असं लिहून कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. घरमालक बैठक बंद करा म्हणतात, मुलीला कॉलेजात टोमणे बसतात. घरचे वडीलधारे गप्प बसा म्हणतात, मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चच्या समूहातले, तरुण सडेतोड उत्तर द्या म्हणतात. ख्रिस्ती माणसानं नेमकं काय करावं?

ताई, तुमच्यासमोर चार वेगळ्या गोष्टी एकाच वेळी उभ्या आहेत, म्हणून त्या एकच वाटतायत. मुलीला बसतो तो टोमणा. शेजाऱ्यांच्या मनात आहे ती शंका. ग्रुपवर फिरतेय ती अफवा. आणि उद्या कुणी घरात घुसलं, हात उचलला किंवा जिवे मारण्याची भाषा केली, तर तो गुन्हा. टोमणा बहुतेक वेळा सोडून द्यायचा असतो, शंकेला उत्तर द्यायचं असतं, अफवेला एकदाच आणि लेखी खोडायचं असतं, गुन्ह्याची फिर्याद द्यायची असते. गोंधळ होतो तो इथेच. टोमण्यावर आपण फिर्यादीच्या आवेशात बोलतो, आणि खरा गुन्हा घडतो तेव्हा 'प्रभू बघून घेईल' म्हणून घरी बसतो.

'दुसरा गाल पुढे कर' हे वचन गप्प बसण्यासाठी फार वापरलं जातं, म्हणून आधी तेवढं सांगतो. महायाजकासमोर शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशूनं उलट मारलं नाही, पण तो गप्पही राहिला नाही. माझं बोलणं वाईट असेल तर ते सिद्ध कर, नसेल तर का मारतोस, असं त्यानं विचारलं (योहान १८:२३). प्रेषित पौलाला फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). पुढे त्यानं थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. त्याच पौलानं रोमकरांस पत्रात लिहिलं की जे तुमचा छळ करतात त्यांना आशीर्वाद द्या, सूड उगवू नका (१२:१४-२१). सूड आपल्या हातात घ्यायचा नाही, पण न्याय मागायचा. क्षमा माणसाला करायची असते. तिच्यासाठी गुन्हा झाकावा लागत नाही.

तुमच्या भागातलंच उदाहरण आहे. कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यात, उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमधून ओढून ठार मारलं गेलं. आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्याचं त्यांचं काम काहींना खुपत होतं. मारेकऱ्यावर खटला चालला, जन्मठेप झाली. नंतर काही वर्षांनी त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं. शिक्षेमुळे क्षमा खोटी ठरली नाही आणि क्षमेसाठी खटला मागे घ्यावा लागला नाही.

आधी स्वतःचं घर तपासा

हा भाग नकोसा वाटतो, पण यात कच्चेपणा असला तर पुढचं काहीच टिकत नाही. पेत्र लिहितो की तुमच्यापैकी कुणी चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये (पहिलं पत्र ४:१५). सोसलेला सगळाच त्रास ख्रिस्तासाठी नसतो.

गाड्यांपासून सुरुवात करा. वीस माणसं आली की सात-आठ दुचाक्या गल्लीत लागतात. शेजाऱ्याच्या फाटकासमोर गाडी लागली की त्याला पहिला राग त्या गाडीचा येतो, मग तो रागाला धर्माचं नाव देतो. अशी बरीच भांडणं पार्किंगवरच मिटू शकतात. एका माणसाला दर शुक्रवारी फक्त गाड्या लावून घेण्याचं काम द्या.

मग आवाज. घरातल्या बैठकीला माइक लागत नाही, काढून टाका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. ढोलक, टाळ्या आणि वीस गळे बंद खोलीतून सहज त्याच्या वर जातात. मध्यप्रदेशात कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ सुद्धा आहे, आणि बैठकीबद्दलची तक्रार पुष्कळदा त्याच्याच आधारानं येते. खिडक्या लावून, ढोलकाशिवाय, साडेआठच्या आत संपवा.

आता बोलणं. दुसऱ्यांच्या देवांबद्दल, मूर्तींबद्दल एकही हिणकस शब्द नको: प्रवचनात नको, साक्षीत (विश्वासाचा स्वतःचा अनुभव सांगताना) नको, मुलांच्या गाण्यात नको. इफिसमध्ये दंगल झाली तेव्हा शहराच्या चिटणीसानं जमावाला सांगितलं की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (कृत्ये १९:३७). परक्या अधिकाऱ्याला हे छातीठोकपणे सांगता आलं, कारण ते खरं होतं. तुमच्या शेजाऱ्याला तुमच्याबद्दल हे सांगता येईल का, हे स्वतःला विचारा. नवा आलेला माणूस उत्साहात 'मी पूर्वी अंधारात होतो, ते सगळं सैतानाचं होतं' असं बोलतो, आणि तेवढाच तुकडा व्हिडिओत कापून फिरवला जातो. साक्ष देणाऱ्याला आधी बसवून समजवा: प्रभूनं काय दिलं ते सांग, मागच्या घराची निंदा करू नकोस. त्या घरात अजून तुझी आई राहते.

चंगाईबद्दल, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा होण्याबद्दल, मी जरा कडक बोलणार आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण 'या, बरे व्हाल' असं छापून वाटू नका. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून केंद्राचा कायदा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इन्शुलिन, टीबीच्या गोळ्या, फिटची औषधं कुणीही प्रार्थनेच्या भरवशावर बंद करता कामा नये. बैठकीत हे दर वेळी मोठ्यानं सांगा. औषध सोडून एक माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांचा राग रास्त असतो, आणि तो कुठल्याही वचनानं शमत नाही.

शेवटी पैसा आणि मदत. रेशन, फी, ब्लँकेट प्रार्थनेच्या जागी, प्रार्थनेच्या वेळी कधीच वाटू नका. मदतीची वही वेगळी, दिवस वेगळा, शक्य तर वाटणारी माणसंही वेगळी ठेवा. घेणाऱ्याचे फोटो काढून देणगीदारांना पाठवू नका.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

मध्यप्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ हा तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकणारा मुख्य कायदा. खोटी माहिती, आमिष, धमकी, बळजबरी, अनुचित प्रभाव, लग्न किंवा फसवणूक यांच्या मार्गानं केलेलं धर्मांतर आणि तसा प्रयत्न, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा एक ते पाच वर्षं आणि किमान २५ हजार दंड. स्त्री, अल्पवयीन, अनुसूचित जाती किंवा जमातीतली व्यक्ती असेल तर दोन ते दहा वर्षं आणि किमान ५० हजार. सामूहिक धर्मांतर असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक लाख. आणि 'सामूहिक' म्हणजे फक्त दोन किंवा अधिक माणसं. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. धर्मांतर बेकायदा नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे, म्हणूनच वर वह्यांचा आग्रह धरला. आमिषाची व्याख्या फार रुंद आहे: भेटवस्तू आणि पैसा तर आहेच, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं शिक्षण, चांगलं राहणीमान आणि दैवी कृपेचं आश्वासन सुद्धा तीत येतं. ही व्याख्या वाचल्यावर चंगाईबद्दलचा कडकपणा समजेल.

पण याच कायद्याचं कलम ४ आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं. तक्रार कोण करू शकतं हे त्यात ठरलेलं आहे: ज्याचं धर्मांतर झालं ती व्यक्ती, तिचे आईवडील, भाऊ-बहीण, रक्ताचे, लग्नाचे, दत्तकाचे इतर नातेवाईक किंवा पालकत्व असलेली व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीनं. त्यांच्या लेखी तक्रारीशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. दाराशी व्हिडिओ काढणारा तरुण किंवा कुठलीही संघटना या यादीत बसत नाही. तपासही उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. ठाण्यात कुणी बोलावलं तर हे कलम छापून जवळ ठेवा आणि नम्रपणे विचारा: साहेब, फिर्यादी कोण आहे? या एका प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

कलम १० मध्ये साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना सूचना द्यायची अट आहे, धर्म बदलणाऱ्यालाही आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूलाही. या कलमाचा भंग झाला म्हणून सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश मध्यप्रदेश उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. तो अंतरिम आहे, कायमचा निकाल नव्हे. बाप्तिस्म्याचा विषय निघाला तर आधी वकिलाकडून आजची स्थिती विचारून घ्या, आणि घाई करू नका. ज्याला खरोखर विश्वास धरायचा आहे तो सहा महिने थांबतो. अल्पवयीन मुलांचा बाप्तिस्मा दोन्ही पालकांच्या लेखी संमतीशिवाय कधीच नको.

आणि जे कायद्यात नाही ते: घरात पाहुण्यांसह प्रार्थना करायला आधी परवानगी घ्या, असं हा अधिनियम म्हणत नाही. संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन. मात्र १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तो खटलाही मध्यप्रदेशच्याच १९६८ च्या कायद्यावरचा होता. म्हणून 'आम्हाला धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क आहे' असं ठाण्यात म्हणू नका. ते चुकीचं आहे आणि उलटतं. 'आम्ही प्रार्थना करतो आणि कुणी विचारलं तर विश्वास सांगतो' हे बरोबर आहे. मैदान, मंडप, मिरवणूक असेल तर परवानगी लागते, आणि इंदुरात २०२१ पासून पोलीस आयुक्तालय असल्यानं ती पोलिसांकडून घ्यायची असते. शहरात त्या वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १६३ चा प्रतिबंधक आदेश लागू आहे का, हेही पाहून घ्या.

घरमालकाचं काय? भाडेकरार 'निवासासाठी' असतो आणि त्याची काळजी सगळी द्वेषातून येत नाही. त्याला पोलिसांची आणि कॉलनीची भीती वाटते. त्याच्याशी भांडू नका. एक शुक्रवार तुमच्याकडे, पुढचा दुसऱ्या घरी, असं चार घरांत फिरवलं तर एका दारावरचा ताण लगेच उतरतो. बैठक दहा-बारा माणसांची ठेवा.

ग्रुपवर काय लिहायचं

रात्री लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघांनी वाचून, एकच संदेश. असा: 'नमस्कार. शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थना असते, हे खरं आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंब आहोत. इथे कुणाला पैसे किंवा वस्तू दिल्या जात नाहीत आणि कुणावर धर्म बदलण्याचा दबाव नसतो. गाड्यांचा किंवा आवाजाचा त्रास झाला असेल तर माफ करा, दोन्हींची व्यवस्था केली आहे. कुणाला शंका असेल तर घरी चहाला या, समोरासमोर बोलू. व्हिडिओत लहान मुलांचे चेहरे आहेत, तो कृपया काढून टाकावा.' बस. पुढे कुणी काहीही लिहिलं तरी ग्रुपवर दुसरा संदेश नाही. बायबलमधली वचनं नकोत, 'तुमच्या धर्मात तरी काय चाललंय' हे तर मुळीच नको. मंडळीतल्या तरुणांना बजावून ठेवा की त्यांनीही मध्ये पडू नये. आपल्याच माणसाचा एक भडक संदेश पुढे पुरावा म्हणून येतो.

मूळ व्हिडिओ, पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि ग्रुप सोडू नका. सोडलात की पुरावाही गेला आणि काय चाललंय ते कळणंही थांबलं.

चहाला कुणी खरंच आलं तर प्रश्न ठरलेले असतात. पैसे मिळतात का? उत्तर: नाही, मंडळीचा खर्च आम्हीच दशांशातून, म्हणजे आपल्या कमाईच्या दहाव्या हिश्श्यातून, करतो, वही बघायची तर बघा. परदेशी धर्म का धरलात? मराठी माणसाकडे याचं उत्तर घरातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंगांतून ख्रिस्त गायले आणि बालकवींना त्यांनी आपल्या घरात आधार दिला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. टिकली लावली नाही किंवा क्रूस घातला म्हणून कुणी मराठीपणातून उठत नाही, हे शांतपणे सांगा. आमचे देव खोटे म्हणता का? इथे वादात शिरू नका आणि खोटंही बोलू नका: 'मी येशूला मानते, त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाची उपासना करत नाही, तुमच्या श्रद्धेची निंदा माझ्या तोंडून होणार नाही.' पेत्रानं सौम्यतेनं आणि आदरानं उत्तर द्यायला सांगितलं ते हेच (पहिलं पत्र ३:१५).

गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून आणि आरतीवरून दर वर्षी कटुता येते. ऐनवेळी दार लावून घेण्यापेक्षा आठ दिवस आधी मंडळाच्या अध्यक्षांना भेटा: आरतीला आम्ही उभे राहणार नाही, पण रक्तदान शिबिर, मुलांच्या स्पर्धा, विसर्जनानंतरची सफाई यांत आमची चार माणसं येतील आणि त्या खर्चाला वर्गणी देऊ. आधी सांगितलेला नकार अपमान वाटत नाही.

दारावर जमाव आला तर

हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. एक माणूस फक्त बोलेल. एक जण लगेच ११२ ला फोन करेल आणि पत्ता, अंदाजे माणसं, घरात मुलं-बायका किती, एवढंच सांगेल. एक जण आतून रेकॉर्डिंग करेल, कॅमेरा सरळ धरून, काहीही न बोलता. मुलं आणि म्हातारी माणसं आतल्या खोलीत. बोलणाऱ्यानं दारातच उभं राहायचं: 'पोलिसांना बोलावलंय, ते येईपर्यंत थांबा, त्यांच्यासमोर बोलू.' धक्काबुक्की झाली तरी उलट हात उचलायचा नाही. एक थप्पड उलटी गेली की दोन्ही बाजूंवर गुन्हा दाखल होतो आणि मग तडजोडीशिवाय मार्ग उरत नाही. प्रार्थनेला आलेल्या हिंदू कुटुंबांची नावं-पत्ते जमावाला सांगू नका, वही दाखवू नका, फोन हातात देऊ नका. कोऱ्या कागदावर सही कुणाच्याही सांगण्यावरून नाही. जिवाच्या भीतीनं कुणी घोषणा दिली असेल तर नंतर मंडळीत त्याला त्यावरून बोल लावू नका.

मार लागला असेल तर आधी एमवाय हॉस्पिटल. लागल्याचं कारण डॉक्टरांना स्पष्ट सांगा म्हणजे मेडिको-लीगल नोंद होईल. 'पडलो' म्हणून सांगितलंत तर पुढे ते पुसता येत नाही. शेजाऱ्यांच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, त्याची प्रत त्याच आठवड्यात मागा. तुमचा व्हिडिओ ज्या फोनमध्ये काढला तो फोन जपून ठेवा. गाणं, मजकूर, लाल वर्तुळ लावून फॉरवर्ड करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फाइलवर आधारलेलं असतं.

अर्ज हिंदीत लिहा, दोन प्रती काढा, एकीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. तारीख, वेळ, जागा, कोण आलं, ओळखीचे कोण आणि अनोळखी किती, नेमके काय शब्द बोलले, काय केलं, काय मोडलं, कुणी पाहिलं, पुरावा काय. आकडा फुगवू नका. बारा माणसांची दोनशे केलीत आणि व्हिडिओत बारा दिसली, तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. 'आमचा छळ होतोय' हे वाक्य अर्जात कामाचं नाही. 'सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चौघे परवानगीविना बैठकीच्या खोलीत शिरले' हे कामाचं आहे.

कलमं पोलीस लावतात, पण तुम्हाला माहीत असावीत. भारतीय न्याय संहितेत शांतपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम व्यत्यय आणणं हे कलम ३००, एक वर्षापर्यंत शिक्षा. उपासनेच्या जागेची किंवा पवित्र वस्तूची नासधूस २९८. समाजांत वैर पसरवणं १९६. घरात बेकायदा शिरणं ३२९. भावना दुखावणारे शब्द बोलणं ३०२ आणि साधी धमकी ३५१. ही दोन्ही सामान्यतः अदखलपात्र, त्यामुळे अर्जात फक्त शिवीगाळच लिहिलीत तर प्रकरण तिथेच थांबतं. घरात शिरणं, प्रार्थना थांबवणं, मारहाण, नासधूस, यांतलं जे प्रत्यक्ष घडलं असेल ते आधी लिहा.

टीआय साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी, एफआयआर घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज वरिष्ठांना, म्हणजे इंदुरात डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना), रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर वकिलामार्फत कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात. तेवढी वाट पाहावी लागू शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. कलेक्टोरेटमधली मंगळवारची जनसुनवाई आणि राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग हे दबावाचे मार्ग आहेत, एफआयआरची जागा ते घेत नाहीत.

उलट तुमच्यापैकीच कुणाला उचललं, तर अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं बंधनकारक आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, अटक करता येत नाही, आणि साक्षीदार म्हणून जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावं लागतं. एका फौजदारी वकिलाचा नंबर आजच तिघांच्या फोनमध्ये घालून ठेवा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात होतो.

मुलगी, आणि घरातली माणसं

मुलीला 'दुर्लक्ष कर' एवढंच सांगू नका. एक-दोन वाक्यं तिच्या तोंडात तयार असू द्या: 'हो, मी ख्रिस्ती आहे. विचारायचं असेल तर विचार, टोमणा नको.' त्यानंतरही रोज तेच होत असेल तर तारखांसह लिहून ठेवायचं आणि विभागप्रमुखांकडे लेखी द्यायचं, तुम्ही सोबत जाऊन. आणि एखादी वर्गमैत्रीण हवीच, मंडळीबाहेरची, जिच्याकडे ती डबा खाते आणि जी तिच्या बाजूनं बोलेल. मुलांना मंडळीपुरतंच कोंडलं की बाहेर त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी उरत नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या हिंदू कुटुंबांवरचा ताण तुमच्याहून जास्त आहे. त्यांना घरून विरोध होत असेल तर लपून या असं सांगू नका. लपणं उघडं पडतं तेव्हा ते फसवणुकीसारखं दिसतं. नवऱ्याला माहीत नसताना बायकोला आणि आईवडिलांना माहीत नसताना अठराच्या आतल्या मुलाला बैठकीत बसवू नका. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कमालीच्या दुखावल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि स्वतःच्या पावलांनी १९०० साली बाप्तिस्म्याला आल्या. एवढा धीर आपल्यात हवा. 'मालमत्तेत वाटा मिळणार नाही' या घरच्यांच्या धमकीबद्दल इतकंच की हिंदू उत्तराधिकार कायद्यानं धर्म बदललेल्या व्यक्तीचा हक्क जात नाही. कलम २६ नं अडचण येते ती धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांची, तीही हिंदू नातेवाइकांच्या वारशापुरती. कागदपत्रांचंही सांगून ठेवा: अनुसूचित जातीच्या सवलती १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहेत. रविवारी चर्चमध्ये आणि दाखल्यावर हिंदू, असं करू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा सवलतीच्या मागणीला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटलं आहे. मला ती तरतूद अन्यायाची वाटते, पण तिच्याशी लढायचं ते उघडपणे.

आणि ज्याला मार बसला, ज्याचा अपमान झाला, त्याला दुसऱ्याच रविवारी व्यासपीठावर उभं करून 'मी क्षमा केली' म्हणवून घेऊ नका. बायबलमधलं स्तोत्र १३ त्याच्यासोबत वाचा, 'कोठवर' हा प्रश्न त्याला देवाला विचारू द्या. झोप लागत नसेल, मुलं दचकत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

ठाण्यात तडजोड करा म्हटलं तर करायला हरकत नाही, पण कागद वाचून. त्यात त्यांनी व्हिडिओ काढून टाकणं, पुन्हा घरी न येणं आणि तुम्ही आवाज-गाड्यांची व्यवस्था करणं लिहिलेलं चालेल. 'यापुढे घरी प्रार्थना करणार नाही' किंवा 'धर्मांतर करत होतो, चूक झाली' असं एक वाक्य जरी असलं तर सही करू नका. घरी नेऊन वकिलाला दाखवतो म्हणा. येत्या शुक्रवारची बैठक रद्द करू नका. दुसऱ्या घरी घ्या, दहा माणसं बोलवा, आणि व्हिडिओ काढणाऱ्या मुलांची नावं माहीत असतील तर नावं घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करा, दार उघडं ठेवून.